‘कोरोना बॅच’ म्हणून नाक मुरडण्याआधी आमचा अभ्यास कसा झाला ते तरी ऐका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावी-बारावीच्या निकालाचे दिवस आले की वाचकांच्या पत्रांत एखादं तरी पत्र असतंच की २०२१ ची बॅच म्हणजे परीक्षा न देता पास झालेली, फुकटचे मार्क मिळालेली वगैरे. नातेवाईक तर लग्नकार्यात तोंडावर बोलतात, "तुमचं काय बाबा, कोरोनाने तारलं." मी त्याच बॅचची, रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातल्या एका गावची, आता बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. इतकी वर्षं हे ऐकून घेतलं, पण यंदा धाकटा भाऊ दहावीला आहे आणि त्याचा अभ्यास घेताना मला सारखं वाटतंय की त्या वर्षात आम्ही जे शिकलो ते कोणी नीट विचारलंच नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर कापा पण मधलं चष्म्याचं ठेवा प्लीज.

आधी मार्कांचं सांगून टाकते म्हणजे तो विषय संपेल. एप्रिल २०२१ मध्ये आमची दहावीची परीक्षा रद्द झाली आणि मग फॉर्म्युला आला, ५० मार्क नववीच्या निकालावरून, ३० दहावीच्या वर्षातल्या शाळेच्या लेखी मूल्यमापनावरून आणि २० तोंडी, प्रॅक्टिकल, गृहपाठ वगैरेचे. आता गंमत बघा, आमच्या नववीची वार्षिक परीक्षासुद्धा २०२० च्या एप्रिलमध्ये रद्दच झालेली होती आणि निकाल मुख्यतः पहिल्या सत्रावर लावला होता. म्हणजे दहावीच्या मार्कलिस्टवरचे अर्धे मार्क हे कोरोनाचं नावसुद्धा कोणी ऐकलं नव्हतं तेव्हा, २०१९ च्या दिवाळीआधी दिलेल्या सहामाहीच्या जिवावर आले. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला, १६ जुलैला, आणि वेबसाइट काही तास उघडतच नव्हती. या मार्कांना काही अर्थ नाही असं कोणी म्हटलं तर माझं अजिबात भांडण नाही. माझं भांडण आहे ते "मार्कांना अर्थ नाही म्हणजे वर्षभर पोरं शिकलीच नाहीत" या हिशोबाशी.

आमच्याकडे ते वर्ष सुरू कसं झालं ते सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ जमिनीवर आलं आणि आमच्या बाजूला दापोली-मंडणगडलाही झोडपून गेलं. माडा-सुपाऱ्यांच्या बागा आडव्या, घरांवरची कौलं आणि पत्रे उडालेले, लाइटचे पोल वाकलेले आणि लाइट जी गेली ती बऱ्याच वाड्यांत कित्येक आठवडे आलीच नाही. मोबाइल चार्ज करायला लोक जनरेटर असलेल्या दुकानात रांग लावायचे. शाळेची इमारत तर आधीच मे महिन्यात मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या विलगीकरणासाठी दिलेली. आणि १५ जूनला जाहीर काय झालं, तर शाळा बंद पण शिक्षण सुरू! सरकारी उपक्रमाचं नावच होतं ते, माझ्या मनाचं नाही.

त्यात आमच्या घरात अँड्रॉइड फोन एकच, बाबांचा, आणि बाबा टेम्पो चालवतात म्हणजे भाजी आणि किराणा मालाच्या भाड्यासाठी सकाळी सहाला फोन त्यांच्याबरोबर बाहेर जाणार तो संध्याकाळी सात-आठला घरी. शाळेच्या ग्रुपवर सकाळी दहाला मीटची लिंक पडायची, ती मी बघायचे रात्री जेवणं झाल्यावर, तोपर्यंत वर्ग संपून ग्रुपवर कोणाच्या तरी वाढदिवसाचे केक येऊन गेलेले असायचे. रात्री मग सरांच्या व्हॉइस नोट ऐकायच्या, फळ्याचे फोटो वहीत उतरवून घ्यायचे, दीड जीबीतला बाबांनी उरवलेला डेटा असेल तर एखादा व्हिडिओ, तोही पडवीच्या कठड्यावर एका विशिष्ट जागी बसलं तर, कारण रेंज तेवढीच. नशिबाने आम्हाला डोंगरावर जावं लागलं नाही, डोंगरावर झोपडी बांधून लेक्चर करणारी कोकणातलीच एक मुलगी तेव्हा बातम्यांत आली होती, तिचं कौतुक झालं ते बरोबरच पण रेंज का नाही हे विचारायचं त्या कौतुकात राहूनच गेलं.

तर दिवसभर हातात काय, बालभारतीचं पुस्तक. दुसरं काही नव्हतंच. आणि खरं सांगते, नववीपर्यंत पुस्तक मी कधी वाचलंच नव्हतं. म्हणजे धडा सर शिकवणार, मग गाईडातून प्रश्नोत्तरं पाठ आणि पुस्तक फक्त "पान ४२ काढा" म्हटल्यावर काढायचं. विज्ञानाच्या पुस्तकात जागोजागी चौकटी असतात ना, ‘थोडे आठवा’, ‘करून पहा’, ‘जरा डोके चालवा’, त्या वर्गात सरळ ओलांडल्या जायच्या कारण परीक्षेला येत नाहीत असा समज. त्या वर्षी विचारायला कोणी नव्हतं म्हणून मी त्या चौकटीसुद्धा वाचल्या आणि तेव्हा कळलं की धडा समजायची किल्ली बऱ्याचदा तिथेच असते. पहिल्यांदा एक पान वाचायला अर्धा तास लागायचा. दोनदा वाचून कळलं नाही तर बाजूला पेन्सिलने प्रश्नचिन्ह करायचं आणि पुढे जायचं, रात्री फोन आला की प्रश्नचिन्हांचे प्रश्न एकत्र करून सरांना पाठवायचे, ही पद्धत कोणी शिकवली नाही, फोन नसल्यामुळे आपोआप पडली.

आता ते चष्म्याचं. भिंगांच्या धड्यात भिंगाची शक्ती आहे, नाभीय अंतर मीटरमध्ये घेऊन एक भागिले ते केलं की डायॉप्टर, म्हणजे चष्म्याचा नंबर. मला सूत्र पाठ झालं पण नाभीय अंतर म्हणजे नेमकं कुठून कुठे ते काही केल्या डोक्यात शिरेना. आजीच्या चाळिशीचा नंबर अधिक दोन, हे तिच्या कागदावर लिहिलेलं होतं. मी भर दुपारी माजघराची खिडकी लावून घेतली, फक्त ओटीकडचं दार उघडं, समोर उन्हात फणस. आजीचा चष्मा दाराच्या दिशेने धरला आणि मागे कालनिर्णयचं उलटं पान पुढे-मागे करत बसले. बराच वेळ नुसता उजेडाचा डाग दिसत होता आणि मग एका ठिकाणी अचानक अख्खा फणस कागदावर उलटा, बारकी पानंसुद्धा हलताना दिसली! आजी म्हणाली, "माझा चष्मा मोडशील गो बाय," आणि मग स्वतःच येऊन बघत बसली. चष्म्यापासून कागदापर्यंतचं अंतर शिवणाच्या टेपने मोजलं तर अर्ध्या मीटरपेक्षा थोडंसं जास्त. एक भागिले अर्धा म्हणजे दोन. नंबर जुळला! ते थोडंसं जास्त का आलं हे मी सरांना विचारलं तर त्यांनी उत्तर दिलंच नाही, म्हणाले धडा परत वाच, आणि दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की पुस्तकात अनंत अंतरावरची वस्तू म्हटलंय आणि आमचा फणस काही अनंत अंतरावर नव्हता, अंगणापलीकडेच होता. बीएस्सीला ऑप्टिक्सच्या प्रॅक्टिकलला मला काही नवीन वाटलं नाही ते त्यामुळे.

तसंच बीजगणितातल्या ‘अर्थनियोजन’चं, त्यात जीएसटीची गणितं आहेत. सीजीएसटी (केंद्राचा), एसजीएसटी (राज्याचा) हे शब्द वाचून झोप यायची. बाबांकडे भाड्याच्या मालाची बिलं असायची, सॅनिटायझरच्या बिलावर नऊ टक्के आणि नऊ टक्के अशा दोन ओळी दिसल्या आणि लख्ख कळलं की हेच ते. मग ११८ रुपये कर धरून असतील तर मूळ किंमत १००, तिथे ११८ चे १८ टक्के वजा केले की गणित चुकतं, हे बाबांनाही मी समजावून सांगितलं. वर्गात बसून हा धडा झाला असता तर सात गणितं फळ्यावर, सात वहीत आणि संपलं असतं.

पण हे वाचून कोणी असं समजू नका की एकटीने सगळं केलं आणि शाळेची गरजच काय. उलट आहे. आमचे गणिताचे सर (नाव देत नाही, त्यांना आवडणार नाही) ते नसते तर मी दिवाळीपर्यंतच सोडून दिलं असतं. ते आठवड्यातून एकदा मोटरसायकलवर वाडीत यायचे, देवळाच्या सभामंडपात लांब लांब बसवून वह्या बघायचे आणि पुढच्या आठवड्याचा कागद द्यायचे, झेरॉक्सही नाही, हाताने लिहिलेला, एकच कागद सगळ्यांनी उतरवून घ्यायचा. शिकवायचे फार कमी. सरावसंचाची उत्तरं पुस्तकाच्या शेवटी असतात, त्यावर त्यांचा एकच नियम, आधी तुमचं उत्तर पेनाने लिहा मग मागे बघा, आणि चुकलं असेल तर खोडायचं नाही, खाली परत सोडवायचं. मला ते खोडायचं नाही फार जड गेलं कारण मला वही स्वच्छ लागते. पण महिन्याभराने वही उघडली की आपण नेमकं कुठे घसरतो ते दिसायचं, माझं नेहमी वर्गसमीकरणात चिन्हाचं व्हायचं. भूमितीच्या सिद्धता तर एकटीने होतच नव्हत्या, म्हणजे लिहून व्हायच्या, वाचताना बरोबरच वाटायच्या आणि सर तिसऱ्या ओळीवर लाल गोल करायचे, "हे कशावरून?" एवढंच. हा "हे कशावरून" पुस्तक विचारत नाही, यूट्यूब तर नाहीच नाही.

माझी मामेबहीण बदलापूरला, तिची दहावी माझ्याबरोबरच. तिच्याकडे स्वतःचा फोन, दादाचा लॅपटॉप, वायफाय, क्लासचं अॅप, सगळं. सकाळी आठ ते एक शाळेची लेक्चरं आणि चार ते सात क्लासची. कॅमेरा बंद, माइक म्यूट, हजेरीला चॅटमध्ये ‘प्रेझेंट मॅम’ टाकलं की झालं, आणि खाली दुसऱ्या विंडोत गेम. पबजी सप्टेंबरमध्ये बंद झालं तर दुसरं काहीतरी आलं, टिकटॉक जूनच्या शेवटी गेलं तर त्याजागी रील्स. ती आळशी नाही हो, पण सात-आठ तास कोणीतरी कानात बोलत असेल तर स्वतः वाचायला वेळ आणि डोकं शिल्लक राहणार कुठून! ती स्वतःच म्हणते की मी त्या वर्षी सगळं ऐकलं आणि काहीच शिकले नाही. म्हणून ऑनलाइन शिक्षण म्हणजे स्वयं-अध्ययन हे जे समीकरण भाषणांत मांडतात ना, ते मला पटत नाही.

धाकट्या भावाची सोय जरा बरी होती. तो तेव्हा पाचवीला, आणि जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली सुरू झालं पहिली ते आठवीसाठी. लाइट असेल त्या दिवशी तो बघायचा. त्यात फळ्यासमोर उभं राहून शिकवणं नव्हतं, घरातल्या, परसातल्या वस्तू घेऊन काहीतरी करायला सांगायचे आणि हा पठ्ठ्या कार्यक्रम संपल्यावर खरंच उठून ते करायचा. त्यातल्या त्यात टीव्हीचा इतका चांगला वापर मी नंतर पाहिला नाही.

जे बुडालं ते पण सांगते, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. इंग्रजी बोलणं बुडालं, कारण बोलायचं कोणाशी. प्रयोगशाळा बुडाली, रासायनिक अभिक्रियांचा धडा रंग बदल न बघता पाठ केला. लिहिण्याचा वेग तर इतका गेला की पुढे कॉलेजात पहिला तीन तासांचा पेपर लिहिताना दुसऱ्या तासाला हात भरून आला आणि शेवटचा प्रश्न अर्धा राहिला. २०२२ च्या बॅचला बोर्डाने मोठ्या पेपरला अर्धा तास वाढवून दिला होता तेव्हा लोक हसले, मी नाही हसले. २५ टक्के कोर्स कमी केला होता तो अकरावीत परत दारात येऊन उभा राहिला, त्यात अकरावीचं सुरुवातीचं निम्मं वर्ष अॅडमिशनमध्येच. आधी सीईटी होणार म्हणाले, आम्ही परत पुस्तकं काढली, २१ ऑगस्टची तारीख, आणि १० ऑगस्टला हायकोर्टाने सीईटीच रद्द केली. त्या सीईटीचा अभ्यास मात्र मी दहावीत केला नाही इतक्या मनापासून केला होता, कारण पहिल्यांदाच वाटलं की आता खरंच कोणीतरी तपासणार आहे.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे माणसं बुडाली. माझ्या वर्गातले दोघे त्या पावसाळ्यात बोटीवर कामाला लागायचं ठरवून नारळीपौर्णिमेनंतर गेले ते शाळेत परत आलेच नाहीत, एक मैत्रीण मुंबईला चुलत्यांकडे घरकामाला मदत म्हणून गेली. ते सगळे ९९.९५ टक्क्यांत बसतात का बाहेर राहतात मला माहीत नाही, फॉर्म भरला होता त्यांनी. त्यांच्या वाडीत सरांची मोटरसायकल जात नव्हती कारण रस्ताच नव्हता, एवढा साधा फरक.

आता मूळ मुद्दा. २०२३ ला आम्ही बारावी दिली, पूर्ण कोर्सवर, नेहमीच्या सेंटरवर, कुठलीही खास सवलत नाही, आणि राज्याचा निकाल ९१.२५ टक्के लागला. फुकट पास झालेली पोरं म्हणता तीच ही पोरं. त्यामुळे आम्हाला काहीच येत नव्हतं हे तरी खोटं ठरलं. पण शाळा परत भरल्या आणि त्या वर्षात जी एक चांगली सवय काहींना लागली होती ती शाळेने पहिल्या आठवड्यात मोडून टाकली. परत सर वाचणार, पोरं ऐकणार, गाईड पाठ. भाऊ आठवीत असताना पुस्तकातच वहीची कोरी पानं घालून दिली होती, टिपणं काढायला म्हणून. त्याच्या पुस्तकातली ती पानं वर्ष संपेपर्यंत कोरीच राहिली, कारण काय लिहायचं ते कोणी सांगितलंच नाही, आणि पुढे तो प्रयोगही बंद झाला. दोष पानांचा नव्हता हो.

यंदा मी भावाला आणि शेजारच्या दोघांना शिकवते. पुस्तकं माझीच, दहावीची पुस्तकं अजून तीच आहेत, समासातली माझी प्रश्नचिन्हंसुद्धा तशीच. तिघेही हुशार आहेत पण धडा वाच म्हटलं की "ताई व्हिडिओ बघतो ना, दुप्पट स्पीडने लवकर होतो," हे ठरलेलं. व्हिडिओ बघून झाल्यावर पुस्तक बंद करून काय कळलं ते सांग म्हटलं की गप्प. आता मी आधी वाचायला लावते, प्रश्नचिन्हं करायला लावते आणि त्यानंतरच व्हिडिओ, तोही ज्या पानावर प्रश्नचिन्ह आहे तेवढ्याचाच. सुरुवातीला तिघंही माझ्यावर चिडले होते. शेजारच्या काकू येऊन विचारून गेल्या की तू शिकवतेस की नुसती बसवून ठेवतेस.

माझी मागणी मोठी नाही. टॅब वाटू नका, अॅप काढू नका, ती बरीच झाली. नववी-दहावीला गणित आणि विज्ञानाचा आठवड्यातला एकेक तास असा ठेवा की न शिकवलेला भाग मुलं स्वतः वाचतील, अडेल तिथे खूण करतील आणि सर फक्त फिरून वह्या बघतील. वेळापत्रकात तो तास ऑफ तास म्हणून दुसऱ्या कोणाला देऊन टाकू नका. शिक्षकांना त्यासाठी वह्या तपासायला वेळ लागणार, तर तो द्यायचा असेल तर त्यांच्यामागची ऑनलाइन माहिती भरायची आणि सर्वेक्षणाची कामं कमी करावी लागतील, हे शिक्षण खात्याने ठरवायचं आहे. आणि एक, ज्या वाड्यांवर अजून रेंज नाही आणि पावसात रस्ता बंद होतो तिथल्या मुलांची यादी प्रत्येक शाळेकडे आत्ता असायला हवी. आमच्या तालुक्यात पावसाळ्यात शाळेला सुट्टी द्यायची वेळ दरवर्षी येते, त्या दिवसांसाठी हाताने लिहिलेला एक कागद आधीच दिलेला असला तरी पुरतं, लाइट लागत नाही त्याला.

आपली नियमित वाचक,
(नाव छापू नये ही विनंती)
ता. दापोली, जि. रत्नागिरी